दीड इंच आखूड

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा! तीन पडदे मोजले, तिन्ही दीड इंच आखूड. साठ हवे, साडेअठ्ठावन्न भरले. एखादा आखूड निघाला असता तर म्हटलं असतं, हात चुकला. पण हात चुकला की कधी कमी, कधी जास्त होतं. दरवेळी दीडच इंच? ते चुकत नाही, ते ठरवून होतं.

म्हणून आज नातीची जुनी वही घेतली. पुढे तिचे पाढे, मागे माझा पुरावा. चौथीपर्यंतच शिकले, पण तारीख घालता येते आणि आकडा मांडता येतो. तेवढं पुरे.

काम दवाखान्याचं. शंभर हिरवे पडदे. दोन खाटांच्या मध्ये चाकांच्या चौकटी उभ्या करतात, त्यांना लावायचे. मुलाचा शिवणकामाचा धंदा आमच्याच पुढच्या खोलीत. एका मशिनवर तो, दुसऱ्यावर सून. कापायचं काम पंधरा वर्षं माझं होतं. गुडघ्यांनी दगा दिला, उभं राहवेना, म्हणून माणूस शोधला. शोधला कसला, चर्चच्या पाळकांनी गळ्यात मारला! तुरुंगातून सुटलेली बाई. मालकिणीच्या बांगड्या चोरल्या, दोन वर्षं आत होती. कापायलाही आतच शिकली म्हणे.

मी मुलाला म्हटलं, "कात्री हातात द्यायला हीच सापडली?"

"आई, शिक्षा भोगून झाली तिची."

झाली म्हणे! सुंभ जळला तरी पीळ जातो का?

तिची सहा वर्षांची मुलगी बालगृहात आहे. या एकोणतीस तारखेला तिथली समिती बसणार आणि मुलगी आईच्या ताब्यात द्यायची की नाही ते ठरवणार. बाई कामाला आहे, प्रामाणिक आहे, असं पत्र पाळक देणार. पण मला विचारून. कारण कापडावर नजर माझी.

मग नजर नको ठेवायला?

४ मार्च, मंगळवार

अकरा मोजले. अकराही दीड इंच आखूड. शंभराचे झाले दीडशे इंच — चार वारांच्या वर! पोरीचे दोन फ्रॉक आरामात निघतात.

६ मार्च, गुरुवार

मुलाला सांगितलं. तो म्हणतो, "आई, ती माझ्या डोळ्यांसमोर पट्टी लावून कापते." पट्टी म्हणजे त्याने तिला आणून दिलेली लोखंडी पट्टी. मी पंधरा वर्षं टेपने कापलं तेव्हा नाही सुचली पट्टी! तिला आल्या आल्या नवी कोरी.

माझी टेप माझ्या खुर्चीमागे खिळ्याला असते. कापडी आहे, जुनी आहे, पण आकडे अजून वाचता येतात. काम आटपलं की तिच्या खालच्या टोकाच्या पितळी कडीत मी मोठी कात्री अडकवते. ही सवय माझी, कुणाला सांगितलेली नाही. कुणी कात्रीला हात लावला की टेप हलते, खिळा वाजतो, आणि मी स्वयंपाकघरात असले तरी मला कळतं. चोरांच्या जगात राहायचं तर एवढी अक्कल हवी.

संध्याकाळी नात शाळेतून आली ती भांडतच. "आजी, मी चार फूट दोन इंच आहे! बाईंनी मोजलं. तू गेल्या आठवड्यात मला चार फूट पाऊण इंचच म्हणालीस."

"बूट घालून मोजलं असेल."

"बूट काढूनच मोजलं. तुझी टेप चिंगूस आहे!"

मुलीची जीभ अगदी आईवर गेली आहे.

९ मार्च, रविवार

पाळकांनी आज कुसळ आणि मुसळ घेतलं. नेहमीचंच. पण बोलले छान. म्हणाले, आपण दुसऱ्याचं अंगण झाडायला जातो, आणि झाडू असतो आपल्याच चिखलात बुडवलेला. जितकं झाडू तितकं त्याचं अंगण घाण दिसतं, आणि आपण म्हणतो, बघा किती घाणेरडा माणूस!

मला पटलं. लगेच सून आठवली — माझ्या हातची भाजी खारट म्हणते, स्वतःचा भात रोज करपवते. पेटी वाजवणारा आठवला — दुसरे उशिरा आले की डोळे वटारतो, स्वतः पहिल्या गीताला कधी वेळेवर नसतो. असं करत करत मी ओळीने सगळ्यांना ज्याचं त्याचं वाटून टाकलं. माझ्या वाट्याला काही उरलं नाही.

तुरुंगवाली शेवटच्या बाकावर होती. मान खाली. खाई त्याला खवखवे!

११ मार्च, मंगळवार

आज ती हात धुवायला गेली तेव्हा तिची पिशवी उघडली. लिहिते ते खरं लिहिते. उघडली. जेवणाचा डबा, कंगवा, एक लाल रिबीन, आणि लहान मुलीचा अर्धा शिवलेला फ्रॉक. निळा! आपलं कापड हिरवं.

हिरवं देऊन निळं घेतलं असेल. बदलून देणारे असतातच.

तसंही पिशवीतून नेतात ते कच्चे चोर. फाटकावर पिशवीच आधी तपासतात. पक्के असतात ते आतून कमरेला गुंडाळतात. घट्ट, दोन वेढे, वरून सैल कपडे. फक्त वाकता येत नाही आणि पाठ ताठ होते. त्यावरून ओळखावं. हे मला कुणी शिकवायला नको.

जाताना तिला मागून बघितलं. पाठ ताठ!

१३ मार्च, गुरुवार

जेवून आले तर टेप खिळ्यावर उलटी लटकत होती. आकड्यांची बाजू भिंतीकडे. मी तशी कधीच लावत नाही. कुणीतरी हाताळली!

विचारलं तर तिघंही गप्प. ती माझ्याकडे बघत होती, काही बोलायचं असल्यासारखी. मग खाली बघून कापायला लागली. तोंड उघडलं असतं तर खोटंच बोलली असती. नाही उघडलं, तेही एक बरंच.

१४ मार्च, शुक्रवार

पेटीवाल्याची बायको झगा मागायला आली. रविवारी तिच्या नातवाचा बाप्तिस्मा. ट्रंकेतून काढून दिला. माझ्या हातचा पांढरा झगा. चाळीस वर्षं झाली. मुलाचा बाप्तिस्मा त्यात झाला, नातीचा त्यात, मंडळीतल्या नऊ पोरांचा त्यात. पाण्यासारखं मऊ कापड, एक डाग नाही. पेटीवाल्याची बायको म्हणाली, "असा झगा पैसे टाकूनही मिळत नाही हो."

तुरुंगवाली कापता कापता थांबली. बोटांनी कड चाचपली. "आजी, कुठलं हो हे कापड?"

"तुला काय करायचंय?" मी म्हटलं.

जरा जोरात म्हटलं गेलं. सून वळून बघायला लागली. पण चोराची नजर कापडावर गेली की दुसरं काय म्हणणार!

१५ मार्च, शनिवार

चाळीस पडदे कापून झाले. चाळीसही मोजले. लिहायची गरज नाही.

१७ मार्च, सोमवार

आज पाळकांकडे गेले. वही दाखवली. तारीखवार.

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "आजी, चोरी करताना तुम्ही पाहिलंत तिला?"

"माप पाहिलं. कापड कुठेतरी जातंय ना? उडून तर जात नाही."

"पिशवीत काही सापडलं?"

"पिशवीत कोण नेतं? कमरेला गुंडाळतात."

त्यांनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कसं ठाऊक?"

साधाच प्रश्न. आवाजही साधा. पण मी चहाचा कप उचलून पुन्हा खाली ठेवला. म्हटलं, "अठरा वर्षं कापड-कारखान्यात काढली मी. तिथे सगळं ऐकू येतं."

"हो, बरोबर," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिची मुलगी आहे हो. या पत्रावर सगळं अडलंय. तुम्हाला खात्री आहे?"

"मी माझ्या टेपने मोजलंय," मी म्हटलं.

"मग मी कसं लिहू ती प्रामाणिक आहे म्हणून," म्हणाले. मला नाही, भिंतीला म्हणाल्यासारखे.

चहा गार झाला होता. टाकायला नको म्हणून प्यायले.

१८ मार्च, मंगळवार

गेली. मुलाने सांगितलं तिला, मी खुर्चीत बसून होते. रडली नाही. कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा नीट केला, खडू डबीत ठेवला, पट्टी पुसली. दारात वळून म्हणाली, "आजी, एकदाच पट्टीने मोजून बघा. तुमच्या टेपने नको."

मी म्हटलं, "चोराची पट्टी चोराचंच माप दाखवणार!"

तिने पिशवी खांद्याला लावली आणि निघाली.

१९ मार्च, बुधवार

मुलगा बोलत नाही. सून भांडी आपटून बोलते.

२२ मार्च, शनिवार

उरलेले साठ पडदे मीच कापायला घेतले. चार दिवस. गुडघ्यांना पट्ट्या बांधून, स्टुलावर एक पाय ठेवून, माझ्या टेपने. साठ म्हणजे साठ! सून म्हणाली, "आई, दमाल." मी म्हटलं, "दमेन, पण घरात चोरी होणार नाही."

आणि आज काय व्हावं? तागा संपला! अठ्ठावन्न निघाले, शेवटच्या दोघांना कापड नाही. अर्धा तुकडा हातात.

मुलगा म्हणाला, "ती कापत होती तेव्हा तर हिशेबाबरहुकूम चाललं होतं."

मी तो तुकडा उलटसुलट करून बघितला. मग सुचलं — तिने आधीच वारभर काढून ठेवलं असणार! नाहीतर कापडवाल्याने तागाच आखूड दिला. हा चौथा कापडवाला. आधीच्या तिघांना मी याच कारणासाठी सोडलं. पंधरा वर्षांत एकाचाही तागा पुरा भरला नाही. एकाच्या तर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, त्याच्या आईचा उद्धार केला होता.

सगळे चोर. काय जग आहे!

२५ मार्च, मंगळवार

दवाखान्यातून मोठ्या सिस्टरचा निरोप. पहिले चाळीस पडदे झकास बसले. नंतरचे परत न्या. खाली लोळतात, चौकटीच्या चाकात अडकतात. काल एक पोरगी औषधांच्या ट्रेसकट पडता पडता वाचली.

पहिले चाळीस म्हणजे तिने कापलेले. नंतरचे म्हणजे मी.

मुलाने नुसतं बघितलं माझ्याकडे. मी म्हटलं, "त्यांच्या चौकटीच ठेंगण्या असतील." तो म्हणाला, "शंभरही चौकटी एकाच मापाच्या आहेत आई."

सिस्टर तिच्या ओळखीची असेल. दोघींचं संगनमत असेल. उद्या मी स्वतः जाते, टेप घेऊन.

२६ मार्च, बुधवार

गेले होते. टेप घेऊन. लिहायला बसले आहे.

मोठी सिस्टर म्हणजे माझ्याहून वरचढ तोंडाची बाई. म्हणाली, "या आजी, बघा तुमचे घागरे!" खरंच, पडदा फरशीवर पसरलेला, चाकाखाली काळा झालेला. मी टेप लावली. "ही बघा, साठ. सांगितलं तेवढं आहे. चूक तुमची."

तिने खिशातून आपली टेप काढली. तान्ह्या बाळांना मोजतात ती. पडदा खालून वर धरून म्हणाली, "साडेएकसष्ट."

मी म्हटलं, "बाळांच्या टेपने कुणी पडदा मोजतं का?"

तिथे नळ दुरुस्त करणारा होता. त्याच्याकडे गुंडाळीची पोलादी टेप. त्याने लावली. साडेएकसष्ट. तोंडात खिळा धरून म्हणाला, "म्हातारे, तुझी टेप बघू." माझ्या हातून घेतली, फरशीवर पसरली, शेजारी आपली पसरली. दोन्हीची सुरुवात एका रेषेत. मी वाकून बघत गेले. दहाला थोडं. वीसला बोटाच्या अर्ध्या पेराएवढं. तीसला पाऊण इंच. साठावर पोचलो — माझं साठ त्याच्या साडेएकसष्टावर.

सिस्टरची लाकडी पट्टीही आणवली. तीही त्यांच्याच बाजूने. तिघं एकीकडे, मी एकीकडे. तिघांनी मिळून कट केला असेल, असंही एकदा मनात आलं. खोटं कशाला लिहू? आलं.

नळवाल्याने टेप ताणून बघितली. "कापडी आहे. सैल पडली. हिला काही जड लटकवत होतीस का?"

मी टेप त्याच्या हातातून काढून घेतली.

पंधरा वर्षं. रोज. लोखंडी कात्री. कुणी चोरू नये म्हणून.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी कुणी उठायच्या आत मेजावर लोखंडी पट्टी ठेवली आणि तिने कापलेला, डाग पडला म्हणून बाजूला राहिलेला एक तुकडा मोजला. साठ. दोरा इकडे नाही, दोरा तिकडे नाही.

मग वही उघडली. अठरा तारखेचं पान. "एकदाच पट्टीने मोजून बघा." माझ्याच अक्षरात आहे! मी ऐकलं, घरी बसून लिहून काढलं, आणि मला कळलं नाही. तेरा तारखेचंही. नातीचे चार फूट दोन इंच तर सहालाच लिहिलेत. पुरावा सगळा होता वहीत. चोर तेवढा वेगळा.

नातीला बोलावून पट्टीने दाराच्या चौकटीवर मोजलं. चार फूट दोन. "बघ! बघ! मी सांगितलं होतं!" — घरभर नाचली.

मुलाला सांगितलं. त्याने मशिन थांबवलं. "तीन कापडवाले," एवढंच म्हणाला. आणि मशिन पुन्हा सुरू केलं.

पाळकांकडे गेले. टेप त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांना वाटलं मी भेट आणली. सगळं सांगितल्यावर बराच वेळ टेप बोटांत फिरवत बसले. मी म्हटलं, "आता कुसळ-मुसळ सुरू करू नका. माझं ऐकून झालंय." ते हसले नाहीत. म्हणाले, "ती इमानदार नाही, असं समितीला मी फोनवर सांगून बसलोय आजी. तुमच्या शब्दावर. चूक माझीही आहे, मी पडताळून पाहिलं नाही. पण परवा तिथे तुम्हालाच बोलावं लागेल."

"बोलेन."

"आणि त्याआधी तिच्याशी."

हे मला नको होतं. दहा समित्यांपुढे बोलेन!

२८ मार्च, शुक्रवार

ती धोब्याच्या दुकानामागच्या खोलीत राहते. तिथेच इस्त्रीला लागली आहे. मला बघून इस्त्री उभी ठेवली, हात पुसले, आणि आतलं एकुलतं एक स्टूल आणून माझ्यापुढे ठेवलं. गुडघे लक्षात ठेवले होते. मला राग आला. का ते सांगता येणार नाही.

बसले आणि सांगून टाकलं. घोळवत नाही बसले. "टेप खोटी निघाली. तू बरोबर होतीस."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"तुम्ही जेवायला आत गेलात त्या दिवशी. टेप पट्टीवर ठेवून बघितली."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिने इस्त्री उचलून पुन्हा उभी ठेवली. मग म्हणाली, "आजींची टेप खोटी आहे — असं मी म्हणायचं? मी?"

मागे इस्त्रीचा कोळसा तडतडत होता.

"मी चोरी केली होती आजी. बांगड्या घेतल्या होत्या, नाही म्हणत नाही. पण एकदा घेतल्या की पुढे जगातलं जे जे कमी पडतं ते सगळं आपल्याच खात्यावर जातं." हे तिने अगदी सरळ म्हटलं, कपडे मोजून द्यावेत तसं.

मी विचारलं, "त्या फ्रॉकचं निळं कापड कुठलं?"

विचारलं खरं! जिभेला हाड नाही म्हणतात, माझ्या जिभेला लगामही नाही. तिने मात्र उत्तर दिलं. "माझा जुना झगा उसवला. तुम्ही पिशवी उघडलीत तेव्हा नीट बघितलं असतं तर टाके जुनेच दिसले असते."

म्हणजे तेही ठाऊक होतं.

माफी मागितली का? मागितली. दोन शब्दांत. तिने "बरं" म्हटलं. त्याच्या पुढचं काही म्हटलं नाही, आणि मला मागता आलं नाही.

२९ मार्च, शनिवार

समिती म्हणजे लांब मेज, तीन माणसं. मधली बाई चष्म्यावरून बघणारी. मी उभी राहूनच बोलले, बसा म्हणाल्या तरी. "या बाईला मी चोर म्हटलं. माप माझं खोटं होतं. हिचा एक इंचही इकडचा तिकडे नाही." टेप मेजावर टाकली. तिघांनी सापाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

चष्मेवाली म्हणाली, "ते ठीक आहे आजी. पण पूर्वी चोर होतीच ना ही? अशी माणसं बदलतात का कधी?"

शब्दही माझे, सूरही माझा, मान वाकडी करायची रीतही माझीच. मी रोज असं बोलते? घरातल्यांनी ऐकायचं कसं?

म्हटलं, "ते मला ठाऊक नाही बाई. मला माझं ठाऊक आहे."

तिघं आपसांत कुजबुजले. ठरलं असं — एका जबाबदार व्यक्तीची सही हवी. "हिला मी जवळून ओळखते, ही प्रामाणिक आहे, पुढे काही झालं तर मी पुढे उभी राहीन." बुधवारपर्यंत कागद आला तर मुलगी देऊ. पाळक सही करायला पुढे झाले. मागे उभी असलेली ती म्हणाली, "नको. आजींची हवी."

सगळ्यांना वाटलं, वा! केवढं मोठं मन! पाळकांचे तर डोळे भरले.

मला संशय आला. हिला काय हवंय?

३० मार्च, रविवार

पेटीवाल्याची बायको झगा धुऊन, इस्त्री करून परत घेऊन आली. "एक डाग पडू दिला नाही हो!" म्हणाली.

ट्रंकेत नाही ठेवला. खुर्चीवरच आहे. येता-जाता दिसतो.

३१ मार्च, सोमवार

ती कागद घेऊन आली. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. आधी सांगितलं तिला — त्या झग्याचं कापड मी कारखान्यातून कमरेला गुंडाळून आणलं होतं. दोन वेढे. अडीच वार. चाळीस वर्षांत आज पहिल्यांदा तोंडातून निघालं.

ती म्हणाली, "कुठल्या टेपने मोजून?"

बया माझी! हसू आलं. मग उरलेलंही सांगितलं. कापड कमी भरलं तेव्हा माझ्या शेजारच्या मशिनवरच्या पोरीवर आळ आला. तिला काढली. दारातून वळून तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी मान खाली घालून शिवत राहिले.

त्यावर ती हसली नाही. उठून झग्याची कड पुन्हा बोटांनी चाचपली. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"आता करा सही."